खान खाली उतरतो तो ठराव

आमच्या उचकायिंग गावाने एकदा एका माणसाला खान, म्हणजे राजा केलं. त्यात विशेष काही नाही, लोक कुठेही कुणालाही डोक्यावर घेतात. आम्ही मात्र त्याला खरोखरच उचललं होतं, आणि मग खाली ठेवायला तयार नव्हतो.

मी हे सगळं अगदी जवळून पाहिलं, कारण माइक माझ्या हातात होता. आमच्या खोऱ्यात लग्न असो, बारसं असो की कुणाची साठी असो, समारंभ म्हटला की बोलणारा माणूस पैसे देऊन आणतात. तो मी. वहिनी मला 'भोंगा' म्हणते. आमच्यात सुना सासरच्या माणसांची नावं घेत नाहीत, त्यांना टोपणनावं ठेवतात. माझ्या दादाला ती 'मॉस्को' म्हणते, कारण तो कित्येक वर्षं तिथे टॅक्सी चालवतो आहे. "मॉस्कोचा फोन आला होता," ती सांगते, आणि पाहुण्यांना वाटतं आमचं घर फार वरपर्यंत पोचलेलं आहे.

आता आशिरबेकबद्दल. आधी चांगलं सांगतो, कारण चांगलंच जास्त आहे.

बर्फ वितळलं की अख्ख्या गावाची सभा नदीकाठी गवतावर बसते. सभा हात वर करून कुरण समितीचा अध्यक्ष निवडते, आणि उन्हाळ्यात वर जायलूवर कुणाचा तंबू कुठे पडणार तेही हात वर करूनच ठरवते. जायलू म्हणजे आमचं उन्हाळी कुरण. आमचं जे काही आहे ते सगळं तिथे चरतं, दूध देतं आणि लठ्ठ होतं. जागा चांगली मिळाली तर वर्ष चांगलं.

आशिरबेक शाळेत कसरत शिकवायचा, त्याआधी कुस्ती खेळायचा. अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच वसंतात त्याने नदीवरचा पूल दुरुस्त केला. हा पूल सोव्हिएत काळापासून 'लवकरच' दुरुस्त होणार होता. आशिरबेक स्वतः छातीभर थंडगार पाण्यात उतरला आणि ओंडके लावले. पलीकडच्या खोऱ्यातले लोक आमच्या कुरणात गुरं घुसवायचे. तो नुसता वाटेत उभा राहिला, ते परत गेले. एका लांडग्याशीही त्याचं समोरासमोर बोलणं झालं असं सांगतात. लांडगा पुन्हा आला नाही.

अशा माणसाला कोण नको म्हणेल? उपाध्यक्ष मुलीकडे राहायला रशियात कझानला गेले, त्यांचं काम आशिरबेककडे आलं. हिशेब तपासणाऱ्या बाईंचं कंबरेचं हाड मोडलं, ते कामही आशिरबेककडे. तंटे सोडवायला दोघांचं मंडळ होतं. त्या दोघांचाच तंटा झाला आणि तो सोडवायला आशिरबेककडे गेला, पाठोपाठ मंडळही गेलं. प्रत्येक वेळी सभेने हात वर केले, टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन चहा प्यायला. कुणी काही हिसकावलं नाही. शेजाऱ्याच्या गाडीत जागा दिसली की आपलंही पोतं टाकावं, तसे आम्ही एकेक अधिकार त्याच्याकडे टाकत गेलो. निवडून आलेला माणूस सगळी सत्ता कशी घेतो, याच्या बातम्यांत टीव्हीवर रणगाडे दाखवतात. आमच्याकडे ती कंबरदुखीतून आली.

आशिरबेकचा एक मेव्हणा आहे, मेडेर. तो शहरातून एक कल्पना घेऊन आला. जायलूवर सूकबुलाक नावाचा झरा आहे, पाणी इतकं गार की दात वाजतात. त्या झऱ्याकाठी पर्यटकांसाठी तंबू टाकायचे, परदेशी लोक घोड्यावर बसवायचे, पडले की पुन्हा बसवायचे. कल्पना चांगली होती. अडचण एवढीच की सूकबुलाकची जागा माझ्या वहिनीची होती.

म्हणजे कागदावर कुणाचीच नव्हती. सभा दरवर्षी ती तिला द्यायची, कारण तिच्याकडे घोड्या आहेत, आणि ती करते तसा कुमिस खोऱ्यात कुणी करत नाही. घोडीचं दूध आंबवताना गार पाणी जवळ लागतं. सूकबुलाक गेलं की घोड्या विकायच्या, आणि घोड्या विकल्या की तिनेही मॉस्कोला जाऊन कुणाची तरी भांडी घासायची. मग घरात उरलो मी आणि माइक.

एके सकाळी आशिरबेक आमच्या अंगणात आला. वहिनी, म्हणजे साल्किन, काठ्यांनी लोकर झोडपत बसली होती. लोकर दाबून जाड कापडासारखा नमदा करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिने दाबलेल्या नमद्यातून पाऊस आत येत नाही आणि बाहेरची भांडणंही ऐकू येत नाहीत.

"सूनबाई, पांढरा नमदा हवाय. मोठा."

"किती मोठा, दादा?"

"माझ्याएवढा माणूस मांडी घालून बसेल, आणि चार कोपरे धरून त्याला उचलता येईल, एवढा."

वहिनीची काठी थांबली. "कोणाला उचलायचंय?"

"मलाच," आशिरबेक म्हणाला, आणि लाजला. खरंच लाजला, कान लाल झाले. "जुन्या काळी खानाला असंच उचलायचे ना. तालुक्याचे साहेब पण येणार आहेत. सभेत ठराव आणतोय. दरवर्षी ही सभा, हे हात, हा आरडाओरडा, कशाला? मागच्या वर्षी एका हरवलेल्या गाढवावर अख्खी दुपार गेली."

"गाढव सापडलं पण."

"सभेमुळे नाही सापडलं. भूक लागली तेव्हा आपणहून आलं. सूनबाई, एकदाच काय ते सगळे अधिकार माझ्याकडे द्या, आजन्म. मी बघतो सगळ्यांचं. आत्ता पण बघतोच ना?"

"बघता," वहिनी म्हणाली. ते खरंच होतं.

"मग झालं तर."

"आणि सूकबुलाक?"

आशिरबेकने आपली उंच टोपी, कल्पाक काढली, तिच्या आत पाहिलं, पुन्हा डोक्यावर ठेवली. "मेडेर तिथे तंबू टाकतो म्हणतो. गावातल्या पोरांना काम मिळेल. तुला मी दुसरी जागा देईन, चांगली."

"कुठली?"

"आहे माझ्या डोक्यात."

वहिनीने त्याच्या डोक्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "जाड करू की पातळ?"

"जाडच कर. मी काही हलका नाही."

तो गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडलो. उकळतं पाणी आणायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मी हातात किटली घेऊन तुटून पडलो.

"वहिनी, ज्याच्यावर बसून तो तुझी जागा घेणार, तो नमदा तूच लाटून देतेस?"

"इकडे ओत. कडेला. पायावर नको."

"नाही म्हणायचंस!"

"नाही म्हटलं असतं तर बाजारातून आणला असता. बाजारातला फाटला असता, माणूस पडला असता, आणि सगळ्यांना त्याची दया आली असती. मग सगळे अधिकार पण दिले असते आणि वर गरम दूध पण." तिने लोकर चटईत गुंडाळली आणि वरून पाय दिला. "नाच आता, भोंग्या. नीट दाब."

आम्ही दोघांनी मिळून तो नमदा तुडवला. मी रागाने तुडवत होतो, ती मन लावून. तिच्या बाजूचा जास्त चांगला झाला.

नमदा वाळत असताना ती बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळून कासिमाली आजोबांकडे घेऊन गेली, सोबत मलाही नेलं. कासिमाली आजोबा गावातले सगळ्यात म्हातारे. खानाला उचलण्याची जुनी रीत कशी होती, हे त्यांनी सांगायचं आणि मी माइकवरून वाचायचं, असं आशिरबेकने ठरवलं होतं. आजोबांनी ती रीत त्यांच्या आजोबांकडून ऐकली होती. त्या आजोबांनी ती पाहिली होती की नुसती ऐकली होती, यावर कासिमाली आजोबांचं रोज वेगळं मत असायचं. पण गावात इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणून ते खूष होते.

"पांढरा नमदा," ते बोरसोक चघळत म्हणाले. "त्यावर खान. चार कुळं चार कोपरे धरतात. तीन फेऱ्या. मग मेंढ्याचं डोकं."

"आजोबा," वहिनीने विचारलं, "आणि उतरवतं कोण?"

आजोबांचा जबडा थांबला. "काय?"

"उचललं चार कुळांनी. मग खाली कोण ठेवायचं? की तसाच राहायचा?"

आजोबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. "तीच चार कुळं," ते शेवटी म्हणाले. "दुसरं कोण? ज्यांनी उचललं त्यांनीच उतरवायचं. चारी कुळं विचार करून हो म्हणाली की मगच. एक जरी नाही म्हणालं तरी नाही. हां! आठवलं बघ. आजोबा म्हणायचे, चढवताना तीन कोपरे पुरतात, उतरवताना चारी लागतात."

"मग तेही सांगा दादांना. अर्धी रीत नको. तालुक्याचे साहेब येणार आहेत."

आजोबांनी सांगितलं. आशिरबेकला ते फार आवडलं. त्याला सगळं अस्सल हवं होतं. त्याने ते वाक्य मला जोरात वाचायला सांगितलं.

सभेच्या दिवशी ऊन चांगलं होतं. नदीकाठी तीन मोठ्या कढया चढल्या होत्या, मेंढ्या शिजत होत्या. तालुक्याचे साहेब सगळ्यात मऊ गादीवर बसले होते. मी ठराव वाचला. समितीचे आणि सभेचे सर्व अधिकार आजन्म आशिरबेककडे जातील, सभा पुन्हा भरणार नाही, आणि खानाला चार कुळं उचलतील, तीच चार कुळं एकमताने उतरवतील. वाचताना माझा आवाज नेहमीसारखाच गोड होता. लग्नातही मी असंच वाचतो.

हात वर झाले. पुलाचे हात, लांडग्याचे हात, मेडेरने ज्यांच्या पोरांना काम कबूल केलं होतं त्यांचे हात. वहिनीचा विरोधात गेला, आणखी तिघाचौघांचे गेले. ठराव सरळ मार्गाने, पूर्णपणे कायदेशीर मंजूर झाला. सभेने स्वतःला बंद केलं आणि टाळ्या वाजवल्या.

आशिरबेक नमद्यावर मांडी घालून बसला. चार कुळं पुढे आली. आमच्या गावातली निम्मी माणसं रशियात असतात, त्यामुळे कोपऱ्यांवर बायकाच जास्त होत्या. आमच्या कुळाच्या कोपऱ्यावर वहिनी आणि माझ्या दोन चुलत बहिणी. माझ्या हातात माइक असल्याने मला सूट.

"उचला!" मी ओरडलो. आणि तो वर गेला. खांद्यापर्यंत. खरं सांगतो, दृश्य देखणं होतं. पांढराशुभ्र नमदा, त्यावर तो पहाडासारखा माणूस, मागे बर्फाचे डोंगर. साहेबांनी फोटो काढला. तीन फेऱ्या झाल्या.

"बस्स," आशिरबेक प्रसन्नपणे म्हणाला. "ठेवा खाली."

तीन कोपरे खाली गेले. चौथा गेला नाही. नमदा तिरका झाला, आशिरबेक घसरला, कल्पाक पडली.

"वर! वर घ्या!" तो ओरडला. त्याच्या कारकिर्दीतला हा पहिला हुकूम.

तीन कोपरे वर आले. सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं.

"साल्किन, हात आखडला का गं?" कुणीतरी विचारलं.

"नाही, हात चांगला आहे. आमच्या कुळाचं मत अजून झालेलं नाही."

"कसलं मत?" वरून आशिरबेक.

"तुम्हाला उतरवायचं. आत्ताच भोंग्याने वाचलं ना, चारी कुळांनी विचार करून हो म्हणायचं. आता विचार करायचा तर सभा भरायला हवी. आणि सभा तर, दादा, तुम्ही आत्ताच बंद केलीत."

आशिरबेकने वरूनच छाती पुढे काढली.

"मी हुकूम देतो," आशिरबेक म्हणाला.

"हुकूम मान्य आहे," वहिनी म्हणाली. "तुमचे सगळेच हुकूम मान्य आहेत. पण उतरवण्याचा अधिकार तुमच्याकडे आलाच नाही. तो चार कुळांकडे राहिला. कासिमाली आजोबांना विचारा."

कासिमाली आजोबांनी मान डोलावली. त्यांनी इतक्या आनंदाने मान डोलावलेली मी कधी पाहिली नाही.

मेडेर तावातावाने साहेबांकडे गेला. "साहेब, तुम्ही काहीतरी करा!"

साहेबांनी तोंडातला घास संपवला, वर पाहिलं, खाली पाहिलं. "आमचं खातं जमिनीचं आहे," ते म्हणाले. "हे जमिनीला टेकलं की कळवा."

मग गडबड सुरू झाली. कढईवरच्या आत्याने ओरडून विचारलं, "खानसाहेब, मीठ घालू का? की तोही अधिकार तुमच्याकडे आहे?"

"घाल गं, विचारतेस काय!"

"विचारायला नको? आत्ताच दिले सगळे."

"माझं पोर झाडावर चढलंय," दुसरी म्हणाली. "उतरवू की हुकमाची वाट बघू?"

आशिरबेकची बायको त्यांच्या स्वतःच्या कुळाच्या कोपऱ्यावर होती. "घरी पण असाच बसतो," ती शेजारणीला म्हणाली, "फक्त इतक्या उंचावर नाही."

लोक हसले, पण वहिनीवर रागावलेही होते. हात दुखत होते, वास सुटला होता. ओरोझ नावाचा मेंढपाळ पलीकडच्या कोपऱ्यावर होता, आशिरबेकचा शाळेपासूनचा मित्र. तो वैतागून म्हणाला, "साल्किन, पुरे की आता. जेवण थंड होईल."

"होऊ दे म्हणा, मी धरलाय कोपरा," वहिनी म्हणाली.

ओरोझने सुस्कारा टाकला आणि वर पाहिलं. "आशिरबेक, वर बसलाच आहेस तर एक विचारू? माझी जागा तीच ना? टेकडीखालची?"

"बघू."

"बघू म्हणजे? तीच आहे ना?"

"अरे बाबा, मला आधी खाली तर येऊ दे. मग कोणाला कुठली जागा ते ठरवतो."

"मग म्हणजे कधी?"

"मला वाटेल तेव्हा!"

हे तो रागाने म्हणाला नाही, वैतागून म्हणाला. मांडी घालून पाय आखडले होते, टोपी पडली होती, कुणीही तसंच बोललं असतं. पण ते सगळ्यांनी ऐकलं, कारण मी सवयीने माइक त्याच्याकडे धरला होता. 'मला वाटेल तेव्हा' हे डोंगरावर आपटून परत आलं.

ओरोझने कंबरेपर्यंत खाली आणलेला कोपरा हळूहळू पुन्हा खांद्यावर घेतला.

"मग आम्हीही नाही उतरवत," तो म्हणाला.

तिसऱ्या कोपऱ्यावरच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पकड घट्ट केली. चौथ्यावर आशिरबेकची बायको म्हणाली, "मी तर आधीपासूनच नव्हते उतरवत, फक्त कुणी विचारलं नाही."

पुढचा वेळ मी आयुष्यात विसरणार नाही. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. एकाचे हात भरून आले की दुसरा येऊन शेजारी उभा राहायचा, पहिला जाऊन जेवून यायचा. ज्यांनी बाजूने हात वर केले होते तेही आले. मटण-शेवयांच्या, म्हणजे बेशबारमाकच्या, थाळ्या फिरत होत्या. मेंढ्याचं डोकं रीतीप्रमाणे खानाला द्यायचं असतं, म्हणून ते वर दिलं. आशिरबेकनेही रीतीप्रमाणे डोळा कासिमाली आजोबांना, कान पोरांना असं वाटून दिलं. वर बसूनही तो कुणाला विसरला नाही. माणूस असा आहे. कुणीही नमदा हिसडला नाही. शिव्या झाल्या, पण त्या रोजच्याच.

आणि या सगळ्याच्या मध्ये वहिनी. ती एकदाही जेवायला गेली नाही. तिच्या तोंडावर विजयबिजय काही नव्हतं. ओझं नीट धरलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा होता.

बऱ्याच वेळाने आशिरबेक वाकून हळूच म्हणाला, "सूनबाई, मघाशी मी घसरलो तेव्हा तू झटका दिला असतास तर तोंडावर पडलो असतो."

"हो."

"का नाही दिलास?"

"नाक मोडलं असतं. मग पलीकडच्यांची गुरं वाटेत कोण अडवणार?"

आशिरबेक हसू लागला. तो एवढा हसला की चारी कोपरे हलले. मग त्याने माझ्याकडे हात केला. "भोंग्या, आण इकडे."

मी माइक वर दिला.

"ऐका," तो म्हणाला. "खान या नात्याने माझा हुकूम. सभा पुन्हा सुरू. आजपासून, कायमची. बाकी सगळे अधिकार जिथून आले तिथे परत." त्याने माइक तोंडाच्या आणखी जवळ घेतला. "संपलं."

त्याच्या कारकिर्दीतला हा दुसरा आणि शेवटचा हुकूम. इतका आटोपशीर कारभार आमच्या इतिहासात कुणी केलेला नाही.

मी वहिनीच्या कानाशी गेलो. "आत्ताच! आत्ताच सूकबुलाक मागून घे. तो वर आहे तोवर!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या धंद्याचीही लाज वाटली.

"वर लटकलेल्या माणसाकडून घेतलेली जागा मला नको," ती म्हणाली. "त्याच्यात आणि माझ्यात मग फरक काय? आधी उतरू दे त्याला. मग सगळ्यांबरोबर मागेन. दिली तर दिली."

"आणि नाही दिली तर? मेडेरने निम्म्या गावाला काम कबूल केलंय!"

"मग घोड्या विकेन," ती म्हणाली. पण कोपरा तिने आणखी घट्ट धरला.

सभा भरली. उतरवण्याच्या आधी नवा अध्यक्ष निवडायचं ठरलं, कारण उतरवण्याचा ठराव मताला टाकायला कुणीतरी अध्यक्ष हवा. नाव सुचवा, मी म्हणालो. लोक एकमेकांना ढोसू लागले. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "आशिरबेक दादा."

लोक चक्रावले. ओरोझ म्हणाला, "अगं, याच्यासाठीच आपण एवढा वेळ हात मोडून घेतोय ना?"

"तीन वर्षांसाठी," वहिनी म्हणाली. "फक्त अध्यक्ष. हिशेब दुसरा बघेल, तंटे तिसरा. पाण्यात उतरणारा माणूस गावात एकच आहे, तो मी कशाला घालवू?"

कोपरे न धरलेल्यांचेच हात पुरले, आशिरबेक बहुमताने निवडून आला. हवेत निवडून आलेला तो आमचा पहिलाच अध्यक्ष. आणि पहिलं काम म्हणून त्याने स्वतःच, खणखणीत आवाजात, ठराव मांडला, "अध्यक्षांना खाली उतरवावं. बाजूने कोण?"

इथे एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. मत देताना हात वर करायचा असतो, आणि नमदा हातांनीच धरलेला होता. एक हात वर केला असता तरी चाललं असतं. पण इतक्या वेळाने सुटका होते आहे म्हटल्यावर चारी कुळांनी उत्साहाने दोन्ही हात वर केले.

एकमत झालं. अंमलबजावणीही त्याच क्षणी झाली.

नमदा जाड होता. तरीही आवाज झाला.

आशिरबेक गवतावर उताणा पडून होता. आभाळाकडे बघत होता. सगळं गाव त्याच्याभोवती जमलं. तालुक्याचे साहेबही उभे राहिले, कारण आता प्रकरण त्यांच्या खात्यात आलं होतं. आशिरबेकने एक डोळा मिटला, उघडला, आणि विचारलं, "विरोधात कोण?"

कुणी नव्हतं.

"मंजूर," तो म्हणाला. "पुढचा विषय. जागा."

पायांना मुंग्या आल्यामुळे त्याला उठता येत नव्हतं. तो तसाच बसून एकेक नाव घेऊ लागला. ओरोझला टेकडीखालची मिळाली. कुणाला ओढ्याकाठची, कुणाला खिंडीतली. मग तो थांबला.

"सूकबुलाक. दोघांनी मागितलंय, साल्किनने आणि मेडेरने. दोघांनी बोला."

मेडेर चांगला बोलला, खोटं सांगायचं नाही. पोरांना काम, नवा रस्ता, परदेशी पाहुणे. बऱ्याच माना डोलल्या. 

वहिनी उभी राहिली. इतका वेळ कोपरा धरलेले हात तिने पाठीमागे घेतले. "माझ्या घोड्या तुम्हाला माहीत आहेत," ती म्हणाली. "कुमिस माहीत आहे. पाहुणे आले तर मी त्यांना पाजेन, मेडेरने तंबू खालच्या अंगाला टाकावेत. झरा सगळ्यांना पुरतो. पण माझ्या घोड्या तिथे राहू द्या. एवढंच."

आणि बसली. एवढंच. मी असतो तर निदान एक शेर म्हटला असता.

"साल्किनच्या बाजूने?" आशिरबेकने विचारलं.

हात वर गेले. काही झटकन, काही विचार करून, काही शेजाऱ्याकडे बघून. नमदा धरून आलेले लाल, सुजलेले हात. मी मोजायला सुरुवात केली आणि पुढे जरूर उरली नाही.

"विरोधात?"

मेडेरचा हात, त्याच्या मित्रांचे हात, कामाची आशा असलेल्या काही पोरांचे हात. आणि गवतावर बसलेल्या आशिरबेकने स्वतःचाही हात वर केला. सगळ्यांसमोर, सरळ, कोपर ताठ. त्याला मेडेरची कल्पना खरंच बरी वाटत होती.

वहिनीने तो हात पाहिला. आणि पहिल्यांदाच, सकाळपासून पहिल्यांदाच, ती हसली.

आशिरबेकनेही आपल्या हाताकडे जरा वेळ पाहिलं. तो इतर हातांइतकाच उंच होता. मग त्याने तो खाली घेतला, गुडघ्यावर पुसला, आणि म्हणाला, "सूकबुलाक, साल्किन. पुढे कोण?"